जुन्या दुनळीच्या नळ्यांचा निळा-काळा रंग उडाला आहे, घरी परत चढवता येईल का?

आजोबांकडून आलेली, लायसन्सवरची बारा बोर दुनळी असं तुम्ही लिहिलंय. रंग घरी चढवता येतो, पण पद्धत चुकली तर नळ्या कायमच्या बिघडतात.

कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या १४० अंशांच्या आसपास तापवलेल्या पाण्यातलं ब्लूइंग (हा निळा-काळा रंग चढवणं) दुनळीला अजिबात नको. नळ्या आणि मधली रिब, म्हणजे त्यांना जोडणारी पट्टी, बहुधा कथील-शिशाच्या सोल्डरने जोडलेल्या असतात. कॉस्टिक ते सोल्डर खातं आणि रिबखाली शिरलेले क्षार आतून गंज धरतात. बाटलीतलं कोल्ड ब्लू, म्हणजे न तापवता लावायचं द्रावण, स्क्रूच्या डोक्यापुरतं ठीक. अख्ख्या नळीवर ते ढगाळ दिसतं आणि हाताळून लवकर उतरतं.

तुम्ही रस्ट ब्लूइंगच करा. बारीक तांबडा गंज मुद्दाम आणायचा आणि पाण्यात उकळून तो काळा करायचा. उकळल्यावर तोच गंज मॅग्नेटाइट (लोखंडाचा काळा ऑक्साइड) होतो आणि धातूला घट्ट धरून बसतो.

बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहून नळ्या सोडवा. एमरी पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून नळीच्या लांबीतच घासा: २४०, ३२०, शेवटी ४००. बफिंग व्हील लावू नका, अक्षरं आणि कडा पुसट होतात. नंबर आणि प्रूफच्या (नळीच्या दाब-चाचणीच्या) शिक्क्यांजवळ तर हात अगदी हलका ठेवा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ नुसार नंबर खोडणं किंवा बदलणं गुन्हा आहे. घासताना नागमोडी नक्षी दिसली तर नळ्या दमास्कसच्या, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या, आहेत. तिथेच थांबा आणि बंदूक जाणकाराला दाखवा.

आतून नळ्यांना लाखेचं व्हार्निश द्या. मग बाहेरून अ‍ॅसिटोनने पुसा आणि त्यानंतर ग्लोव्हजशिवाय हात लावू नका. बोटाचं तेल लागलं की तिथे गंज धरत नाही, पांढुरका ठिपका राहतो. रस्टिंग सोल्युशनमध्ये, म्हणजे गंज आणणाऱ्या द्रावणात, बहुधा अ‍ॅसिड असतं, तेव्हा चष्मा घाला, खिडकी उघडी ठेवा. ते लावायचा बोळा जवळजवळ कोरडा हवा. एका दिशेने एकच हात फिरवा, परत मागे नेऊ नका. ओघळ आला तर तिथे पट्टा उठतो.

दमट जागी टांगून ठेवा. कोकणात पावसाळ्यात वेगळी पेटी लागत नाही. काही तासांत मखमलीसारखा एकसारखा नारिंगी थर येतो. जास्त वेळ ठेवलं तर खड्डे पडतात, म्हणून अधूनमधून पाहत राहा. मग डिस्टिल्ड पाण्यात १५ मिनिटं उकळा. नळाच्या पाण्यातल्या क्षारांचे डाग पडतात. वर सुटलेली काळी भुकटी ०००० नंबरच्या स्टील वूलने हलकेच काढा. नवं वूल तेलकट असतं, आधी अ‍ॅसिटोनमध्ये धुऊन घ्या.

द्रावण लावणं, गंज आणणं, उकळणं आणि भुकटी काढणं ही एक फेरी. पहिल्या फेरीनंतर रंग फिका राखाडी दिसतो, तो दोष नाही. पाच-सहा फेऱ्यांनंतर गडद होतो. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळा, म्हणजे उरलेलं अ‍ॅसिड मरतं. नळ्या कोमट असतानाच तेल लावून रात्रभर ठेवा, आणि व्हार्निश स्पिरिटने पूर्ण काढा.

अ‍ॅक्शनच्या (नळ्यांमागच्या यंत्राच्या भागाच्या) बॉडीवर करडे-तपकिरी रंगांचे पट्टे असतील तर ते केस हार्डनिंगचे, म्हणजे धातूचा वरचा थर कडक केल्याचे, आहेत, त्यांना हात लावू नका. घोडा आणि चाप यांचं काम मात्र परवानाधारक गनस्मिथकडेच द्या.