इलॉन मस्कच्या स्पेसएक्स कंपनीचं स्टारशिप रॉकेट हवेत फुटलं, तरी तिथले लोक टाळ्या का वाजवत होते? एवढा पैसा पाण्यात गेला ना?

पैशाचं आधी सांगून टाकतो, ते सोपं आहे. पैसा पाण्यातच जायचा होता. 20 एप्रिल 2023 च्या त्या पहिल्या उड्डाणाचा बेतच तसा होता: खालचा बूस्टर मेक्सिकोच्या आखातात पडणार, वरचं यान हवाईजवळ प्रशांत महासागरात. दोन्हींतलं काहीच परत वापरायचं नव्हतं. दीड तासाने बुडायचं ते चार मिनिटांत गेलं, एवढंच.

टाळ्यांबद्दल मात्र मला त्याच संध्याकाळी लोकलमध्ये विचारलं गेलं होतं. रॉकेट सुटलं टेक्सासमधून, तिथे सकाळ होती. आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजून तीन मिनिटं. गुरुवार, बदलापूर फास्ट. मी दोन सीटच्या मध्ये उभा, एक हात कडीत, दुसऱ्यात मोबाइल. खिडकीजवळचे एक काका मान वाकडी करून माझ्या मोबाइलमध्ये बघत होते. कुर्ल्याच्या आसपास चित्र अडकलं आणि परत आलं तेव्हा 120 मीटरचं ते धूड आकाशात कोलांट्या खात होतं. मग पांढरा ढग. आणि लगेच कंपनीची पोरं मिठ्या मारताना, ओरडताना.

"फुटलं ना ते?"

"फुटलं."

"मग ही पोरं नाचतायत कशाला?"

मागून कुणीतरी म्हणालं, "इन्क्रिमेंट झालं असेल." डबा हसला. दुसरा म्हणाला, "आपल्या इस्रोचं झालं असतं तर सगळे रडले असते." यावर कुणी हसलं नाही. चांद्रयान-2 चा विक्रम लँडर चंद्रावर उतरताना हरवला, ती 2019 च्या गणपतीतली रात्र सगळ्यांना आठवली असणार.

पण ती तुलना बरोबर नाही. विक्रम चंद्रावर काम करायला निघाला होता, त्याच्याकडून उतरण्याचीच अपेक्षा होती. स्टारशिपबद्दल मस्कने आधीच सांगून ठेवलं होतं की लाँच पॅड न उडवता रॉकेट तिथून लांब गेलं तरी मी यश मानेन. आपलं एसएलव्ही-3 सुद्धा 10 ऑगस्ट 1979 ला प्रायोगिक म्हणूनच उडालं आणि पाचेक मिनिटांत बंगालच्या उपसागरात गेलं. 18 जुलै 1980 ला त्याच जातीच्या रॉकेटने रोहिणी कक्षेत सोडला.

काकांना मी उत्तर दिलं ते माझ्या अप्रेंटिसच्या दिवसांतलं. वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात होतो, घरगुती गॅसचे 14.2 किलोचे सिलिंडर बनायचे. प्रत्येक लॉटमधून एक सिलिंडर उचलून तो मुद्दाम फोडायचा, बर्स्ट टेस्ट. आत पाणी भरायचं, हवा नाही. हवा दाबून भरली तर फुटताना बॉम्ब होईल. पाणी दबत नाही, त्यामुळे पत्रा फाटला की दाब एकदम उतरतो. आम्ही भिंतीआड उभे, समोर गेजचा काटा चढतोय. सिलिंडर पोटातून फुगत फुगत माठासारखा झाला आणि धप्प. मी दचकलो. महिनाभरात एकदाही न हसलेला आमचा फोरमन धावत पुढे गेला, "कुठून फाटला? कुठून फाटला?" उभी चीर होती, सलग. तुकडा उडालेला नव्हता, मधला वेल्डिंगचा जोड जसाच्या तसा. म्हणजे फाटायला हवा तसाच फाटला होता. त्याने चिरेच्या काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "चहा सांग रे सगळ्यांना."

काकांना पटलं. घाटकोपरला उतरले.

घरी जाऊन बाकीचं वाचलं तेव्हा मलाच ते उत्तर अर्धवट वाटायला लागलं. रॉकेट फुटलं, ठीक. जमीन सोडतानाच 33 पैकी 3 इंजिनं बंद होती, वर जाताना आणखी गेली, तरी ते सुमारे 39 किलोमीटर उंच पोचलं. याला टाळ्या मीही वाजवीन. पण आमच्याकडे भिंत होती. तिथे भिंतच फाटली होती. इंजिनांच्या झोताने पॅडखालचं काँक्रीट उखडून खड्डा पडला, कॅमेरे लावलेल्या एका गाडीवर ढेकूळ येऊन आदळलं, दहा किलोमीटरवरच्या पोर्ट इसाबेल गावात गाड्यांवर धूळ-वाळूचा थर बसला. भरकटलेलं रॉकेट मुद्दाम मोडणारी जी यंत्रणा असते, तिने आपलं काम केल्यावरही रॉकेट मोडायला सुमारे 40 सेकंद लागले. मला सगळ्यात भीतीदायक वाटलं ते हे. कोलांट्या घेणारं धूड चाळीस सेकंद कुणाच्याच ताब्यात नाही. आमच्या कारखान्यात भिंतीला तडा गेला असता तर फोरमनने चहा सांगितला नसता, सगळ्यांना बाहेर काढलं असतं.

म्हणजे टाळ्या चुकीच्या होत्या असं नाही. त्या वाजल्या तेव्हा खड्डा कुणी पाहिलाच नव्हता, धूळ बसायची होती. नंतर अमेरिकेच्या विमान-नियामकाने 63 दुरुस्त्यांची यादी निघेपर्यंत आणि त्यांतल्या पुढच्या उड्डाणाआधी लागणाऱ्या होईपर्यंत उड्डाण थांबवलं, पॅडखाली पाण्याचे फवारे मारणारी पोलादी प्लेट बसली, आणि 18 नोव्हेंबर 2023 ला दुसरं रॉकेट सुटलं तेव्हा 33 इंजिनं पेटूनही पॅड शाबूत राहिलं. तेही फुटलंच. पण कुठून फाटलं ते बघा.

जानेवारी 2025 मध्ये सातवं उड्डाण कॅरिबियनवर फुटलं. टर्क्स आणि कैकोस बेटांवरच्या लोकांनी जळत जाणाऱ्या तुकड्यांचे व्हिडिओ काढले, विमानांना वाटा बदलाव्या लागल्या, एका गाडीला किरकोळ मार लागल्याची बातमीही आली. सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला, "दिवाळीच जणू!" म्हणून. मी खाली लिहिलं, "भिंत कुठे होती?" दोघांनी अंगठा दाखवला, आणि मग पाण्याच्या टँकरचा विषय निघाला.