बीए करताना पडणारे प्रश्न: गणित, डिप्लोमा, ‘राज्य’ आणि साठ घरांचा प्रकल्प

एफवायबीएला आहे, मेजर अर्थशास्त्र. दहावीनंतर गणित सोडलं. आमच्या पेपरांत गणित फारसं येत नाही, तरी करावं का?

करावं, आणि आत्ताच सुरू करावं. बीएचे पेपर आकृत्या आणि वर्णनावर निघून जातात. अडतं ते एमएच्या दारात. नावाजलेल्या विभागांच्या प्रवेशपरीक्षांत कलन (कॅल्क्युलस), संभाव्यता आणि संख्याशास्त्र सरळ विचारतात. टीवायच्या शेवटच्या दोन महिन्यांत ते उरकत नाही. रोज अर्धा तास द्या आणि जे शिकाल ते लगेच अर्थशास्त्राला लावून पाहा.

समजा, ‘न’ नग काढायचा एकूण खर्च 50 + 10न + न² रुपये आहे. 20 नगांना सरासरी खर्च 32.50 रुपये पडतो. बाजारभाव 40 असला तर प्रत्येक नगामागे साडेसात रुपये सुटतात, म्हणजे 150 रुपये नफा. पण विकलन (डिफरन्सिएशन) केलं की सीमांत खर्च, म्हणजे आणखी एक नग काढायला लागणारा जादा खर्च, 10 + 2न निघतो, म्हणजे 20 नगांच्या पातळीवर 50 रुपये. भाव 40 चा आणि शेवटचे नग त्याहून महाग! सीमांत खर्च 40 ला पोचतो तिथे, 15 नगांवर, थांबलात तर नफा 175 रुपये होतो. वर्गात फळ्यावर काढलेली सीमांत खर्चाची रेषा नेमकं हेच सांगत असते. पाठ करून ती कळत नाही, असं एक गणित हाताने सोडवलं की कळते.

नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. मी तसं करून स्पर्धा परीक्षेची तयारी करू का?

नको. यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा असो की एमपीएससीची राज्यसेवा, पदवीच लागते. डिप्लोमा चालत नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना पूर्वपरीक्षा देता येते, म्हणजे वर्ष वाचवण्याचाही प्रश्न उरत नाही. बाहेर पडण्यासाठी कौशल्याचे 4 जादा क्रेडिट घ्यावे लागतात. परत यायचं तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्याप्रमाणे 3 वर्षांत यावं लागतं आणि पदवी एकूण 7 वर्षांत पुरी करावी लागते. घरची अडचण असेल तर ही सोय मोलाची आहे, तयारीसाठी मात्र ती वापरू नका. संशोधनासह ऑनर्सचं चौथं वर्ष मनात असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. तो हिशेब एफवायपासून सुरू होतो.

मी मराठी माध्यमाची आहे. राज्यशास्त्राची इंग्रजी पुस्तकं वाचते, शब्दकोशही बघते, तरी अर्थ लागत नाही.

अडचण बहुधा सोप्या वाटणाऱ्या शब्दांची आहे. ‘स्टेट’ म्हणजे राज्य, एवढं धरून वाचलंत की पान फसतं. राजकीय सिद्धान्तात ‘स्टेट’ म्हणजे राज्यसंस्था. त्या अर्थाने भारत हीसुद्धा एक ‘स्टेट’. संघराज्याच्या धड्यात तोच शब्द महाराष्ट्र किंवा गोवा या घटकराज्यांसाठी येतो. आणि संविधानाच्या तिसऱ्या भागात, अनुच्छेद 12 मध्ये, ‘राज्य’ या शब्दात संसद, विधिमंडळं, केंद्र आणि राज्य ही दोन्ही सरकारं आणि स्थानिक प्राधिकरणंही येतात, म्हणजे तुमची नगरपालिकासुद्धा. मूलभूत हक्कांच्या उत्तरात ‘राज्य म्हणजे राज्य सरकार’ असं लिहून मुलं हमखास गुण घालवतात.

म्हणून वहीत तीन रकाने आखा: शब्द, कोणत्या धड्यात आला, तिथला अर्थ. प्रकरणाची प्रस्तावना आणि शेवटचे दोन परिच्छेद आधी वाचा, मग मधला भाग. अडलेला प्रत्येक शब्द शोधू नका. तिसऱ्यांदा आला की शोधा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहेत.

गावातल्या महिलांच्या रोजगारावर क्षेत्रप्रकल्प करतोय. गूगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून 60 उत्तरं गोळा केली तर चालेल?

चालणार नाही. ज्यांच्या हातात फोन आणि सवड आहे अशाच बायका त्यात येतील. घरोघरी जा. गावात 300 घरं असतील आणि 60 हवी असतील तर 1 ते 5 मधली एक चिठ्ठी उचला. 3 आला तर तिसरं, आठवं, तेरावं घर, असं दर पाचवं घर घ्या. घराला कुलूप असेल तर चटकन शेजारच्या घरात शिरू नका. सकाळी अकराला कुलूप लागलेलं घर बरेचदा शेतावर गेलेल्यांचं असतं. तेच वगळलंत तर काम करणाऱ्या बायकाच तुमच्या आकड्यांतून गळतील. दिवेलागणीला परत जा.

दुसरी चूक प्रश्नात होते. ‘तुम्ही काम करता का?’ विचारलंत की दोन म्हशींची धार काढून डेअरीला दूध घालणारी बाईसुद्धा ‘नाही, घरीच असते’ म्हणते. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात मात्र घरच्या व्यवसायात बिनपगारी राबणारी व्यक्ती रोजगारात धरतात आणि साप्ताहिक मोजणीत 7 दिवसांत एक तासाचं कामही पुरतं. तेव्हा प्रश्न फोडा: गेल्या 7 दिवसांत शेतात गेलात का? कुणाच्या? मजुरी मिळाली का? दूध, भाजी, शिवण यांतलं काही विकलं का? किती तास? ‘पगार आणि वागणूक चांगली आहे का?’ असे दोन प्रश्न एकात कोंबू नका. पगार चांगला पण वागणूक वाईट असेल तर तिने काय सांगायचं?

प्रश्नावली छापण्याआधी निवडलेल्या घरांबाहेरच्या पाच-सहा जणींना विचारून पाहा. नवरा किंवा सासू मध्ये बोलली तर ऐकून घ्या, पण फॉर्मवर जिला प्रश्न विचारला त्या बाईचंच उत्तर लिहा. किती घरं शेवटपर्यंत बंद राहिली आणि किती जणींनी नकार दिला, तो आकडाही अहवालात द्या. मार्गदर्शक तोच आधी विचारतील.