वाचक विचारतात: टाकी लाकडावर बसू दे, स्क्रूवर नको

प्रश्न: आम्ही गोरेगावला राहतो, सातवा मजला, आरसीसी बिल्डिंग. हॉलमध्ये ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि २ फूट उंच फिश टँक ठेवायचाय. दुकानदार लोखंडी स्टँड देतोय पण घरच्यांना लाकडीच पाहिजे, बाकीच्या फर्निचरशी जुळणारं. आमचे मिस्त्री म्हणतात १९ एमएम प्लायचं कपाट ठोकून देतो, काही होत नाही. खरंच काही होत नाही ना? आणि स्लॅबला झेपेल का?

उत्तर: आधी वजनाचा हिशोब करून टाकू, कारण बहुतेकांना तो कमीच वाटतो. तुमच्या मापाची टाकी काठोकाठ भरली तर ३२० लिटरच्या आसपास पाणी मावतं, थोडी रिकामी ठेवता म्हणून ३०० धरा, म्हणजे ३०० किलो. १० एमएम काचेची टाकी नुसतीच ६० किलोच्या वर जाते, तळाला दोन इंच वाळू म्हणजे अजून ४० किलो, दगड, लाकडं, फिल्टर वेगळे. सगळं मिळून सव्वाचारशे किलो झालं. सहा मोठी माणसं त्या कपाटावर दाटीवाटीने बसलीयत आणि पुढची दहा वर्षं उठणारच नाहीत, असं समजा.

आता तुमच्या मिस्त्रींचं. प्लाय वाईट नाही, १९ एमएम प्लायचं स्टँड मस्त टिकतं, पण टॉप कशावर बसलाय ते मला सांगा. कपाट करायची सवय असलेले मिस्त्री बाजूचे पल्ले वरपर्यंत नेतात आणि टॉप त्या दोघांच्या मध्ये बसवून बाहेरून स्क्रू मारतात, दिसायला सुंदर दिसतं, कपड्यांच्या कपाटाला चालतं. टाकीला नाही चालत. कारण मग सव्वाचारशे किलो आठ-दहा स्क्रूवर लटकतात आणि स्क्रू प्लायच्या कडेत, म्हणजे थरांच्या मध्ये घुसलेला असतो, तिथे तो हळूहळू लाकूड कापत खाली सरकतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझी पहिली ३ फुटी टाकी अश्शाच कपाटावर होती. दोन महिने काही नाही, मग एका रात्री हॉलमधून टक् असा आवाज आला, सुपारी फोडल्यासारखा. टॉर्च मारून बघितलं तर उजव्या कोपऱ्यात टॉप आणि पल्ल्याची कड यात एक सूत फरक पडलेला, आणि सनमायकाला केसासारखी चीर. पहाटेपर्यंत मी आणि बायको बादल्या भरभरून पाणी काढत होतो, मासे बाळाच्या टबमध्ये. काच वाचली, पण त्या रात्रीनंतर कुणाचंही स्टँड बघितलं की मी आधी खाली वाकून टॉप कशावर टेकलाय ते बघतो.

म्हणून मिस्त्रींना एकच गोष्ट पक्की सांगा: लाकूड लाकडावर बसलं पाहिजे. टाकी टॉपवर, टॉप आडव्या पट्टीवर, पट्टी पायाच्या डोक्यावर किंवा पायात मारलेल्या खाचेत, आणि पाय सरळ जमिनीवर. सगळे स्क्रू काढून घेतले तरी वजन खाली उतरलं पाहिजे, स्क्रू आणि फेविकॉल फक्त जागेवर धरून ठेवायला. दोन बाय तीन इंची सागवानाचा उभा पाय यापेक्षा कितीतरी जास्त वजन उचलतो, तिथे चिंता नाही.

आडवी पट्टी मात्र नीट बघा. ती उभी ठेवायची, झोपवायची नाही. पट्टीची उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, म्हणून तीन इंची बाजू उभी. आणि ४ फुटांना मधला पाय हवाच, पुढेही आणि मागेही. लोक म्हणतात मधला पाय आला तर दोन दरवाजे मोठे उघडत नाहीत, फिल्टर आत जात नाही. अहो फिल्टर आधी आत ठेवा मग पुढचा पाय लावा, पण पाय लावा. मध्ये आधार नसेल तर तेवढीच पट्टी दोन-अडीच मिलीमीटर सहज वाकते, आणि वाकणं लाकडाला चालतं, काचेला नाही.

दुसरी गोष्ट डुगडुगण्याची. नुसती चौकट कितीही जाड केली तरी ती बाजूला कलते, भरलेली टाकी असताना लहान पोर येऊन आपटलं की कळतं. त्याला उपाय जाडी नाही, मागची पाठ. मागे १२ एमएम प्लायची अखंड पाठ आणि दोन्ही बाजूंनाही प्लाय, ग्लू लावून स्क्रू मारलेला. पाइपसाठी भोकं पाडा, पण अख्खी पाठच उघडी ठेवू नका.

प्लाय घेताना शीटवर आयएस ७१० छापलेलं बघून घ्या, म्हणजे मरीन ग्रेड. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड फुकट मिळाला तरी नको, एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि परत बसत नाही. सागवान महाग वाटत असेल तर रे रोडला वखारींमध्ये फिरा, जुन्या बिल्डिंगी पाडल्यावर निघालेल्या दरवाजाच्या चौकटी मिळाल्या तर सोनं समजा, फक्त खिळे नीट काढून घ्या आणि वाळवीची भोकं तपासा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. आपल्या हवेत साधे स्क्रू दोन पावसाळ्यात गंजतात.

स्लॅबचं. घरांचे स्लॅब साधारण दर चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन केलेले असतात, पण ते सगळीकडे सारखं पसरलेलं वजन. म्हणून हॉलच्या मधोमध नको, जिथे बीम आहे त्या भिंतीला लांबी लावून ठेवा. स्लॅबला क्रॅक किंवा लीकेज दिसत असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा.

प्रश्न: आमची खोली गिरगावात चाळीत, दुसरा मजला, लाकडी वासे आणि वर लादी. ३ फुटी टाकी ठेवू का?

उत्तर: इंजिनिअरने वर येऊन वासे बघितल्याशिवाय नको. माझं मन दुखतंय हे लिहिताना, कारण हौस काय असते ते मला माहितीये. पण वाशांची भिंतीतली टोकं आतून कुजलेली असू शकतात आणि वरून काही दिसत नाही, खाली दुसऱ्याचा संसार आहे. तोवर दीड-दोन फुटी टाकी, भिंतीलगत, आणि स्टँड असं की एकाहून जास्त वाशांवर वजन जाईल, म्हणजे वाशांना आडवं.

प्रश्न: स्टँड तयार झालं पण टाकी एका कोपऱ्यात हलते. खाली पुठ्ठा घातला तर चालेल? (मुलुंड)

उत्तर: टाकी आणि स्टँडच्या मध्ये पुठ्ठा अजिबात नको! त्याने एकाच ठिकाणी दाब येतो आणि तळाची काच तिथूनच जाते. टाकी उतरवा, टॉपवर लांब सरळ पट्टी किंवा अॅल्युमिनियमचा पाइप तिरका ठेवा, खालून उजेड दिसतो का बघा. टॉपच वाकडा असेल तर रंधा मारून घ्या. टॉप सरळ आणि लादी वाकडी असेल तर पाचर स्टँडच्या पायाखाली, ती पण लाकडाची किंवा कडक प्लास्टिकची, पायाच्या पूर्ण रुंदीला.

टाकीला प्लास्टिकची फ्रेम नसेल, तळाची काच थेट टेकत असेल, तर मध्ये १० एमएमचं थर्माकोल किंवा फोम शीट घाला, बारीक खडा-बिडा असला तरी सावरून घेतं. फ्रेमवाली टाकी असेल तर काही घालायचं नाही, तिचं वजन कडेनेच जायला हवं.

मग आधी अर्धंच पाणी भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पट्टी घेऊन चारी कोपऱ्यांत वरच्या कडेपासून पाणी किती खाली आहे मोजा. ३ मिलीमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर पाणी काढून पाचर नीट करा, भरलेल्या टाकीखाली पाचर ठोकायला जाऊ नका. फरक नसेल तर उरलेलं भरा, आणि पहिला आठवडा रोज एकदा मधल्या पायाजवळ हात फिरवून बघा, सांधा कोरडा आहे ना.