जुना सीडी प्लेअर: आधी दुरुस्ती, मग करामती

माळ्यावर गेलेले सीडी प्लेअर पुन्हा खाली यायला लागलेत. त्यांच्याबद्दल आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त लोकांचा सूर एकच आहे: ‘आवाज सुधारायचाय, कुठला आयसी बदलू?’ तीस-पस्तीस वर्षांच्या मशीनला हा प्रश्न पहिला विचारायचा नसतो. का, ते खाली ओघात येईलच.

प्रश्न: मामांनी १९८८ साली दुबईहून आणलेला फिलिप्सचा प्लेअर आहे. आत टीडीए१५४१ए डॅक आहे. आवाज पूर्वीसारखा भरीव वाटत नाही. एका मित्राने ऑपअँप बदलून महागडे टाकायला सांगितलंय. सुरुवात कुठून करू? (जुळे सोलापूर)

उत्तर: मामांना पहिला नमस्कार. हा डॅक (सीडीवरच्या आकड्यांचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी चिप) म्हणजे फिलिप्सने १९८५ च्या सुमारास आणलेल्या टीडीए१५४१ ची सुधारित आवृत्ती आणि आजही लोक तो शोधत फिरतात. ‘पूर्वीसारखा वाटत नाही’ हे तुमचं वाक्य मात्र महत्त्वाचं आहे. पूर्वी चांगला होता, म्हणजे डिझाइन चांगलं आहे. बिघडलंय ते वयाने. ऑपअँपला (डॅकनंतर सिग्नल वाढवणारी छोटी चिप) म्हातारपण फारसं येत नाही, इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरला येतं.

या कंडेन्सरच्या आत द्रव असतो आणि तो हळूहळू सुकतो. ढोबळ हिशोब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीतच ४० अंश असतात. त्यात प्लेअर बंद शोकेसमध्ये, वर अँप्लिफायर ठेवलेला. आतला पारा ६० ला टेकणारच. सुकलेला कंडेन्सर सप्लायमधली घरघर नीट गाळत नाही आणि डॅकला स्वच्छ व्होल्टेज मिळत नाही. आवाज पातळ आणि थकलेला होतो तो इथे.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी सप्लायचे मोठे कंडेन्सर, मग रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) आसपासचे छोटे, मग आवाजाच्या वाटेवरचे. फिलिप्सच्या त्या काळच्या मशीनमध्ये निळे, आडवे झोपवलेले कंडेन्सर दिसतील, संशय आधी त्यांच्यावर घ्या. नवे १०५ अंशांचे घ्या. २००० तासांचा १०५ अंशी कंडेन्सर ६५ अंशांत वापरला, तर वरच्या हिशोबाने ३२,००० तास जातो. व्होल्टेज मूळचं किंवा एक पायरी वरचं चालेल. कपॅसिटी ‘जास्त म्हणजे चांगली’ म्हणून तिप्पट करू नका, रेक्टिफायरवर (एसीचा डीसी करणारा भाग) ताण येतो.

टीडीए१५४१ए ला +५, −५ आणि −१५ असे तीन सप्लाय लागतात. तिन्ही मल्टिमीटरने मोजून कागदावर लिहून ठेवा. मग मीटर एसीवर टाकून रेग्युलेटरनंतर किती मिलिव्होल्ट उरतात ते बघा, कंडेन्सर बदलण्याआधी आणि नंतर. सुधारणा कानांच्या आधी मीटरवर दिसेल. डॅकच्या दोन्ही बाजूंना १०० नॅनोफॅरडचे १४ छोटे कंडेन्सर असतात. त्यांच्या जागी मोठमोठे, महागडे बसवण्याची फॅशन आहे. ते लवकर म्हातारे होणाऱ्यांतले नाहीत आणि चिपच्या पायाला चिकटून असणं हाच त्यांचा गुण. मोठा कंडेन्सर लांब पायांवर उभा केला तर तो गुणच जातो. मी त्यांना हात लावत नाही.

आता ऑपअँप. तुमच्या बोर्डावर एनई५५३२ असेल तर त्याच्या जागी पायाला पाय जुळणारे ओपीए२१३४ किंवा एलएम४५६२ बसतात. एनई५५३४ असेल तर जपून, तो एकेरी आहे, पायांची मांडणी वेगळी. सोल्डर करून काढ-घाल करण्यापेक्षा एकदाच आठ पायांचा सॉकेट बसवा. वेगवान ऑपअँप सप्लायच्या पायाशी १०० नॅनोफॅरडचा कंडेन्सर नसेल तर ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर थरथरतात, गरम होतात, आणि आवाज ‘जास्त तपशीलवार’ वाटतो. ती विकृती असते. माझं मत विचाराल तर कंडेन्सर बदलल्यावर महिनाभर ऐका. ऑपअँपची इच्छा बहुतेक वेळा आपोआप मावळते.

प्रश्न: खाली कारखाना, वर घर. प्लेअर अर्ध्या सीडी घेतच नाही, घेतल्या तर उड्या मारतो. मेकॅनिक म्हणतो लेझरचा करंट वाढवू. वाढवू द्यावा का? (अशोक चौक)

उत्तर: नाही. निदान आज तरी नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाची फक्की कुठे शिरत नाही ते सांगा! सुताचा बारीक तंतू लेन्सवर बसतो, वर स्वयंपाकघरातला तेलकट धूर त्याला पक्का करतो. लेझरचा प्रकाश आधी जाताना गाळला जातो आणि सीडीवरून परत येताना पुन्हा. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानाची कापूसकाडी, अगदी हलका हात. लेन्स बारीक तारांच्या स्प्रिंगवर तरंगत असते, दाबू नका. देवघरातला कापूर-स्पिरिट वापरू नका, आणि स्पिरिटऐवजी अत्तर वापरणारेही मला माहीत आहेत. प्लास्टिकची लेन्स त्याने पांढुरकी पडते.

मग यंत्रणा बघा. सोनीच्या केएसएस जातीच्या पिकअपमध्ये (लेझर आणि लेन्सचा जोडभाग) लेन्सचा गाडा दांडीवरून सरकतो, त्यावरचं ग्रीस सुकून डिंक झालेलं असतं. जुनं पुसून पांढरं प्लास्टिक-ग्रीस नखाच्या टोकावर मावेल इतकंच लावा. फिलिप्सच्या जुन्या सीडीएम यंत्रणेत गाडा नसतो, आख्खा हात कमानीत झुलतो, तिथे ग्रीस लावायचंच नाही. ट्रे अडखळत असेल तर रबरी पट्टा ढिला झालाय, टेपरेकॉर्डरच्या पट्ट्यांत मापाचा मिळून जातो.

एवढं करूनही वाचत नसेल तर करंटचा विचार. लेझर डायोड वयाने मंद होतो. करंटचा स्क्रू फिरवून चार महिने चालतो आणि मग कायमचा जातो. फिरवायचाच तर आधीची जागा मार्करने खूण करून ठेवा. झाकण उघडं असताना लेन्समध्ये डोकावू नका. हा ७८० नॅनोमीटरचा किरण डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, पण डोळ्याला लागतो.

प्रश्न: सीडीच्या कडेला हिरवा मार्कर फिरवल्याने किंवा सीडी फ्रीजमध्ये ठेवल्याने फरक पडतो का?

उत्तर: फ्रीजमध्ये आंबे ठेवा.

प्रश्न: इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे सर. ‘नॉस’ मोड करायचाय, म्हणजे डिजिटल फिल्टर काढून डॅक सरळ ४४.१ वर चालवायचा. मित्र म्हणतो आवाज एकदम ॲनालॉग होतोय बे. करू का? (विजापूर रोड)

उत्तर: करून बघ. शिकायला याच्याइतका चांगला प्रयोग नाही. पण तू काय काढतोयस ते आधी समजून घे.

सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापं असतात. ते तसेच डॅकला दिले तर बाहेर पायऱ्यापायऱ्यांची लाट येते आणि खऱ्या आवाजाचं प्रतिबिंब वरच्या पट्टीत उमटतं. २० किलोहर्ट्झच्या स्वराचा जुळा २४.१ वर. तो गाळायला अतिशय तीव्र ॲनालॉग फिल्टर लागतो. फिलिप्सने पहिल्या पिढीपासून वेगळी वाट धरली. त्यांच्याकडे तेव्हा १४ बिटांचाच डॅक तयार होता आणि सीडीचं मानक मात्र सोनीच्या आग्रहाने १६ बिटांचं ठरलं. मग नमुन्यांची गती चौपट करायची, बिट कमी पडल्याने होणारा गोंगाट वरच्या पट्टीत ढकलायचा आणि १४ बिटांतून १६ चं काम काढायचं, अशी युक्ती त्यांनी केली. अडचणीतून निघालेली ही वाट पुढे सगळ्या उद्योगाने घेतली.

टीडीए१५४१ए च्या आधी बसणारा एसएए७२२० हा तोच चौपट करणारा आयसी, म्हणजे तुझा डिजिटल फिल्टर. नव्वदच्या दशकात जपानमध्ये रिओहेई कुसुनोकी यांनी तो काढून टाकण्याची कल्पना मांडली आणि ती जगभर गेली. बाजू घेणारे सांगतात ते अगदीच खोटं नाही. हा आयसी भरपूर करंट खातो, बोट लावलं तर चांगला तापलेला लागतो, आणि डॅकच्या शेजारीच गोंगाट करतो.

पण किंमत मोज. फिल्टर नसला की पायऱ्यांमुळे वरचा आवाज उतरतो: १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल, १५ ला १.७, २० ला ३.२. तंबोऱ्याची जवारी आणि भजनातले टाळ तुला मऊ लागतील, ते यामुळे. ‘ॲनालॉग’ म्हणतात त्यात या उताराचा वाटा मोठा आहे. तुला तो आवडला तर आवडला, त्यात गुन्हा नाही. फक्त नाव बरोबर दे.

आणखी दोन खाचखळगे. एसएए७२२० फक्त गती वाढवत नाही. सीडीवरचा ओरखडा इतका मोठा असला की चूक दुरुस्त होत नाही, तेव्हा आधीच्या आणि नंतरच्या नमुन्यांवरून मधली जागा भरण्याचं कामही तोच करतो. (दुरुस्तीची ताकद कमी नाही बरं का, साधारण अडीच मिलिमीटरचा सलग खड्डा पूर्ण भरून निघतो.) तो काढलास की खराब सीडीवर टकटक ऐकू येईल. दुसरं, बऱ्याच मशीनमध्ये ११.२८९६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल याच आयसीला लावलेला असतो आणि त्याच्या आधीच्या डिकोडरला (सीडीवरचा डेटा उलगडणारा आयसी) क्लॉक, म्हणजे ताल देणारा सिग्नल, इथूनच जातो. आयसी उपटून नुसत्या तारा जोडल्यास तर डिस्क फिरणारच नाही. म्हणून आयसी जागेवर राहू दे, डेटाच्या तारा फक्त त्याला वळसा घालून डॅककडे ने आणि मध्ये छोटा स्विच टाक. मग दोन्ही ऐकता येतील.

ऐकताना आवाजाची पातळी मात्र सारखी कर. दोन्ही स्थितींत १०० हर्ट्झचा टोन वाजवून स्पीकरच्या टोकांवर एसी व्होल्टेज मोज आणि जुळव. अर्ध्या डेसिबलने मोठा वाजणारा नेहमी ‘जास्त चांगला’ वाटतो. स्विच मित्राच्या हातात दे, तू डोळे मीट.

प्रश्न: नवा अचूक क्लॉक बसवून जिटर कमी केला तर शास्त्रीय गायन अधिक जिवंत वाटेल का? (निवृत्त शिक्षक, बार्शी)

उत्तर: गुरुजी, जिटर म्हणजे नमुना डॅकमधून बाहेर पडण्याच्या वेळेतली थरथर. सगळ्यात कठीण प्रसंग धरला, २० किलोहर्ट्झ आणि पूर्ण जोरात, तर १६ बिटांच्या अर्ध्या पायरीइतकी चूक व्हायला सुमारे १२० पिकोसेकंदांची थरथर पुरते. आकडा घाबरवणारा आहे. पण २ किलोहर्ट्झला हीच मर्यादा दहापट सैल होते, आणि भीमसेनजींचा किंवा किशोरीताईंचा स्वर बराचसा त्याच्या आसपास आणि खालीच असतो.

मूळ क्रिस्टल ठीक असेल तर नव्या क्लॉकने फरक पडेलच असं मी सांगणार नाही. उलट क्लॉकची पट्टी जागा मिळेल तिथे चिकटवून वीतभर तारेने सिग्नल नेलेले प्लेअर माझ्याकडे येतात. ते मूळपेक्षा वाईट असतात, कारण ती तार मोटर आणि सर्व्होचा (लेन्स नेमकी जागेवर ठेवणारी यंत्रणा) गोंगाट झेलते. बसवायचाच असेल तर त्याला स्वतंत्र रेग्युलेटर द्या आणि तार दोन बोटांहून लांब नको. तुमच्या पत्रात प्लेअर कुठे ठेवलाय ते लिहिलेलं नाही. इन्व्हर्टरशेजारी असेल तर आधी तो हलवा.

प्रश्न: पुण्याच्या जुन्या बाजारातून जपानी प्लेअर घेतला, मागे १०० व्होल्ट लिहिलंय. ११० चा स्टेपडाऊन लावला तर चालतो. आत जास्त तापतो असं वाटतं. (अक्कलकोट रोड)

उत्तर: वाटत नाही, तापतोच. ११० म्हणजे दहा टक्के जास्त. लाइन २४५ पर्यंत चढली की तोच स्टेपडाऊन ११७ देतो. वरची सगळी व्होल्टेज रेग्युलेटर उष्णता करून फेकतो आणि ती शेजारच्या कंडेन्सरवर पडते. आपल्या एमआयडीसीत वाइंडिंग करणारे भरपूर आहेत, २३० ला १०० देणारा, दोन वेगळ्या वेटोळ्यांचा ट्रान्सफॉर्मर करून घ्या. पन्नास व्हीएचा पुरतो. लाइनमध्ये फ्यूज विसरू नका. युरोपातून आलेल्या २२० च्या मशीनलाही हाच नियम, त्यातल्या काहींत आतच २२० आणि २४० चा जोड बदलता येतो, तो शोधा.

प्रश्न: ऑनलाइन मुकुटाचं चिन्ह असलेला टीडीए१५४१ए एस१ मिळतोय. घ्यावा का?

उत्तर: एस१ म्हणजे कारखान्यात निवडून काढलेला, जास्त अचूक नग. उत्पादन कधीच बंद झालंय, म्हणून साध्या चिपवरचं जुनं नाव घासून मुकुट छापणारे बसलेत. तुमचा मूळ डॅक चालू असताना तो काढून अनोळखी चिप बसवणं मला पटत नाही. पायाची सोल्डर जुनी असते, उपटताना बोर्डाचा तांब्याचा पट्टा सुटून येतो.

प्रश्न: एवढ्या भानगडीपेक्षा नवा डॅक बाहेरून जोडला तर? पण माझ्या फिलिप्सला मागे डिजिटल आउट नाही. (होटगी रोड)

उत्तर: व्यवहारी प्रश्न. तुम्हाला संगीत ऐकण्यात जास्त रस असेल आणि सोल्डरच्या धुरात कमी, तर हेच करा. त्या दिवसापासून तुमचा प्लेअर फक्त सीडी वाचायचं काम करेल आणि आतले ऑपअँप, आउटपुट कंडेन्सर यांवर एक रुपया खर्च करायची गरज उरणार नाही. टीडीए१५४१ए चा स्वतःचा रंग मात्र त्याबरोबर जाईल, तो आवडत असेल तर विचार करा.

आउट नाही म्हणता, पण आत असू शकतो. एसएए७२२० च्या १४ नंबरच्या पायावर डिजिटल सिग्नल निघतो, कंपनीने खर्च वाचवायला मागचं सॉकेट दिलेलं नसतं एवढंच. तिथून रोधकांची जोडी लावून पातळी अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणायची, छोटा पल्स ट्रान्सफॉर्मर आणि मग ७५ ओहमचं सॉकेट. ट्रान्सफॉर्मर टाळू नका, दोन्ही मशीनची अर्थिंग त्याने वेगळी राहते. केबलसाठी डिशची चांगली ७५ ओहमची तार मीटरभर पुरते. सॉकेटसाठी पत्र्याला भोक पाडताना बोर्ड बाहेर काढून ठेवा, पत्र्याचा कीस डॅकच्या पायांत अडकला तर मग मला वेगळं पत्र लिहावं लागेल.