टीव्ही मालिकांमध्ये कॅमेरा, एडिटिंग, आवाज यातून वेगवेगळे समाजगट कसे दाखवले जातात?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, असाइनमेंट आहे, पुस्तकातल्या व्याख्या नकोत, आपल्या मालिकांतलं काहीतरी हवंय. मी मालिकांमध्ये काम करत नाही, आधीच सांगते. बेळगावात शहापूरला राहते, अकरा वर्षं लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, आणि आमच्या घरी संध्याकाळी सात ते दहा टीव्ही चालू असतो, त्यातला निम्मा वेळ कन्नड आणि निम्मा मराठी. त्यामुळं जे सांगणार ते एडिटिंगच्या टेबलावरून आणि चपात्या लाटता लाटता बघितलेलं. (आणखी एक, आमच्या इकडं 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात. लिहिताना टाळायला बघते, खरं सुटत नाही.)

तुमच्या सिलॅबसमध्ये चार खाने असणार: कॅमेरा, एडिटिंग, आवाज आणि मिझाँसेन, म्हणजे फ्रेममध्ये जे जे ठेवलंय ते, कपडे, मेकअप, लाइट, घरातलं सामान. चौघांना सारखे मार्क. खरं रोजच्या मालिकेत चौघं सारखे नसतात, आवाज सगळ्यांच्या वर बसलेला असतो. आमच्या आज्जीला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन म्हटलं की विषय बदलते, तरी एकही एपिसोड चुकवत नाही. नुसती ऐकते. खलनायिका अजून दारात पण आलेली नसते, तिची ती ट्यून वाजली की आज्जी म्हणते, "आली बघ भवानी." आणि आज्जीचं सोडा, मी तरी कुठं बघते, माझी पाठ टीव्हीकडं आणि तोंड तव्याकडं. मालिका करणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे, म्हणून प्रत्येक माणसाला ट्यून चिकटवलेली असते, प्रत्येक भावनेवर ढॅण करून आवाज असतो.

दुसरं कारण वेळेचं. रोज बावीसेक मिनिटं, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे एपिसोड तयार होऊन जायलाच पाहिजे. लाइट सगळीकडून सपाट मारून ठेवतात, म्हणजे दोन-तीन कॅमेरे एकदम चालवता येतात आणि प्रत्येक अँगलला लाइटिंग बदलत बसावं लागत नाही. आता अशा घाईत एखादं माणूस सावली-उजेडातून, बारीक हालचालीतून हळूहळू उभं करायला वेळ कुठला? मग ओळखीच्या खुणा वापरायच्या. पदर खांद्यावर घट्ट पिन केलेला म्हणजे चांगली, स्लीव्हलेस म्हणजे संसार मोडणारी, तुळशीवृंदावन आणि पितळेचा झोपाळा म्हणजे खानदानी घर, शेतकरी म्हणजे फेटा आणि मागं बैलगाडी. निपाणी-चिकोडीकडं जाऊन बघा, ऊस ट्रॅक्टरनं जातोय आणि शेतकरी फोनवर हवामान बघतोय. 'साचेबद्ध चित्रण' असं तुम्ही लिहाल तेव्हा हे पण लिहा की प्रत्येक वेळी ते कुणाच्या मनातल्या खोटेपणामुळं येत नाही, बऱ्याचदा शेड्यूलमधून येतं.

आता भाषा, माझ्या दृष्टीनं तुमच्या असाइनमेंटचा खरा माल इथं आहे.

'तुझ्यात जीव रंगला' 2016 ला सुरू झाली तेव्हा आमच्याकडं केवढं कौतुक. कोल्हापूर इथून शंभर-सव्वाशे किलोमीटर, ती भाषा म्हणजे जवळजवळ आमचीच. पैलवान राणादा कोल्हापुरी बोलणार आणि शिकलेल्या पाठकबाई प्रमाण मराठी बोलणार. बघायला गोडच होतं, मी पण रोज बघितली. खरं त्यात वाटणी कशी झाली ते बघा: ताकद, भोळेपणा, मन बोलीच्या वाट्याला, अक्कल आणि पुस्तक प्रमाण भाषेच्या वाट्याला. त्याच वर्षीच्या 'माझ्या नवऱ्याची बायको'त राधिका नागपूरची, तिचं ते वऱ्हाडी वळण, साडी, आणि समोर नवऱ्याची मैत्रीण शनाया पॉश कपड्यांत. तिथं बोली म्हणजे साधेपणाचं सर्टिफिकेट. गंमत अशी की अख्ख्या बिल्डिंगीत तिच्यासारखं दुसरं कोण बोलत नाही. बोली एका माणसाची सवय म्हणून येते, समाजाची भाषा म्हणून येत नाही.

आणि बोली दाखवतात ती तरी किती? चार शब्द: लई, व्हय, हितं, काय की. आमच्या भागातली सगळ्यात मोठी खूण कुठल्याच संवादलेखकानं घेतलेली माझ्या तरी ऐकण्यात नाही. इकडं बायका 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. मी बाईमाणूस, लिहिताना 'सांगते' लिहिते खरं घरात 'सांगतो'च म्हणते, आई तसंच, आज्जी तसंच, पुण्याला शिकायला गेलेली मामेबहीण पहिल्या महिन्यात हॉस्टेलवर याच्यावरून इतकी हसली गेली की पुढं फोनवर आमच्याशी पण 'मी आले' सुरू. मालिकेतली सून या भागातली असली तरी 'मी आले'च म्हणणार, कारण 'मी आलो' म्हटलं तर मुंबईतल्या बाईला वाटेल नटीचं चुकलं. म्हणजे वेगळेपण कुठपर्यंत दाखवायचं हे त्या भागातलं माणूस ठरवत नाही, न कळणारं माणूस ठरवतं. हे वाक्य हवं तर उचला.

आता याची कन्नड बाजू ऐका, ही तुम्हाला पुण्या-मुंबईच्या कुठल्या उत्तरात मिळणार नाही. आमच्या शेजारच्या अक्का कन्नड, रोज विचारतात "एन माडाकत्तीरी?" म्हणजे काय करालासा. टीव्हीवरच्या कन्नड मालिकेत हिरॉइन विचारते "एन माड्तिद्दीरा?" ती बेंगळुरू-म्हैसूरकडची भाषा. बेळगाव-धारवाडकडचं कन्नड बोलणारं माणूस मालिकेत आलं की बहुतेक वेळा एक तर गावठी विनोदी मामा नाहीतर मिशीवाला गुंड. अक्का चिडतात. "आम्ही काय नुसतं भांडायला जन्मलोय काय?" आणि मी मराठी मालिकेत कन्नड हेलाचं मराठी बोलणारा हॉटेलवाला आला की चिडते, कारण त्याच्या प्रत्येक वाक्यामागं टुंई-टुंई असं विनोदी म्युझिक. बाहेर सीमाप्रश्नावरून काय चालायचं ते चालू दे, मोर्चे, बोर्ड, एक नोव्हेंबर (कर्नाटकचा राज्योत्सव, इथल्या मराठी संघटनांचा काळा दिवस). सात ते दहा अक्का आणि मी एकाच पक्षात असतो.

बेळगावची मराठी बोलणारा माणूस उभ्या-आडव्या महाराष्ट्राला माहीत आहे तो पुलंचे रावसाहेब, आणि तिथं हसता हसता शेवटी डोळ्यांत पाणी येतं. म्हणजे हेल आला की विनोदच झाला पाहिजे असं काही नाही. टीव्हीवर तो हेल रडताना ऐकायचा मला अजून बाकी आहे.

एडिटिंगचं मला लग्नाच्या कामातून कळलं, तेही दुसऱ्यानं तोंडावर सांगितल्यावर. एका वरातीचा व्हिडिओ मी केला होता, हलगीच्या ठेक्यावर कट मारून, लोकांनी फोनवर लई फिरवला. थोड्या दिवसांनी हलगी वाजवणारे एक मामा स्टुडिओत आले, पुतण्याला घेऊन, पेनड्राइव्हवर कॉपी पाहिजे म्हणून. मी कौतुकानं लावून दाखवला. शेवटपर्यंत बघितला त्यांनी आणि म्हणाले, "हात माझंच हाईत बाई, तोंड कुठं ठेवलासा?" मला आधी कळलंच नाही. ते गेल्यावर सगळं रॉ फुटेज परत उघडलं, सव्वातीन तासांचं. नवरीच्या मामाचा क्लोज (म्हणजे चेहरा जवळून) होता, केटरिंगवाल्याला पैसे देणाऱ्या काकांचा होता, नाचणाऱ्या कॉलेजच्या पोरांचे तर ढिगानं. हलगीवाल्यांचे फक्त हात, काठ्या, कातडं. चेहरा एकदाच, लांबून, तोही कोणीतरी मधे आल्यामुळं अर्धा. माझ्या कॅमेरावाल्या पोरानं मुद्दाम केलेलं नव्हतं, मी पण नव्हतं, ठेक्यावर कट मारायला हातच बरे पडतात. खरं हलगी आपल्याकडं कुठल्या समाजाच्या हातात असते ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही.

तेव्हापासून मालिका बघताना मी रिअॅक्शन शॉट मोजते, म्हणजे काही घडल्यावर कुणाचा चेहरा दाखवतात ते, सवयच लागली. घरकाम करणारी बाई ट्रे घेऊन येते, कॅमेरा तिच्या पाठीमागून, ती पुढं ब्लर आणि मालकीण फोकसमध्ये. तिच्यावर चोरीचा आळ आला तरी कट जातो कुणावर? शंका घेणाऱ्या सासूवर, मग अपराधी वाटणाऱ्या सुनेवर, मग परत सासूवर, तीन वेळा झूम करून. रडतीय ती आणि क्लोज सुनेचा. तिला आडनाव नसतं, घर नसतं, तिची ट्यून नसते. सासूबाई जिन्यावरून उतरताना कॅमेरा खालून असतो हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेलच, लो अँगल म्हणजे सत्ता वगैरे, त्यावर मी वेळ घालवत नाही.

बाकीचं पटापट. जात: बोलून दाखवत नाहीत, आडनाव, देवघर आणि स्वयंपाकघर यातून समजायची, उघड नाव घेतलं जातं ते चरित्र सांगणाऱ्या मालिकांत, 2019 ला बाबासाहेबांवरची आली तशी. मुसलमान शेजारी: आला की जाळीदार टोपी, मागं सारंगीचा सूर, आणि माणूस इतका चांगला की त्याला साधा राग पण येत नाही. आमच्या गल्लीतले चाचा नळाच्या पाण्यावरून कन्नड, मराठी आणि दखनी तिन्हीत भांडतात, असा एक तरी दाखवा म्हणावं. अपंग: व्हीलचेअर म्हणजे एक तर शिक्षा नाहीतर नाटक, आणि महाएपिसोडला उठून उभं राहणं. रंग: 'रंग माझा वेगळा' ही सावळ्या मुलीला हिणवण्याच्या विरोधातली गोष्ट, आणि त्यात गोऱ्या नटीला मेकअपनं सावळं केलेलं. मिझाँसेनचं उदाहरण म्हणून याच्यापेक्षा चांगलं मिळणार नाही, गोष्ट एक सांगतीय आणि मेकअपचा डबा दुसरंच.

एक गोष्ट तुमच्या चार खान्यांत बसणार नाही, तरी लिहा. कोणाला दाखवायचं हे कोण बघतंय त्यावर ठरतं, आणि कोण बघतंय ते टीआरपीवाले सांगतात. बार्कनं, म्हणजे हे आकडे मोजणाऱ्या संस्थेनं, ऑक्टोबर 2015 पासून गावाकडचे आकडे पण धरायला सुरुवात केली. मी वर सांगितलेल्या दोन्ही मालिका 2016 च्या, आणि कोकणातली, मालवणी बोलणारी 'रात्रीस खेळ चाले' पण 2016 चीच. आता तेवढ्यामुळंच झालं असं मी म्हणणार नाही, खरं योगायोग म्हणून सोडून पण देणार नाही. आणि त्याच हिशोबात मराठी चॅनलचा बाजार म्हणजे महाराष्ट्र आणि गोवा. आम्ही बसतो कर्नाटकच्या खात्यात. आज्जीनं तीस वर्षं मराठी मालिका ऐकल्या तरी मराठी चॅनलच्या वहीत ती नाहीच, मग तिच्यासारखं बोलणारी आज्जी ते कशाला लिहितील.

असाइनमेंट कसं करायचं ते माझ्या पद्धतीनं सांगते. दोनशे एपिसोड बघू नका, एकच चार-पाच मिनिटांचा सीन घ्या, ज्यात वेगवेगळ्या थरातली निदान तीन माणसं आहेत. पहिल्यांदा आवाज बंद करून बघा आणि प्रत्येकाच्या वाट्याला किती क्लोज, किती सेकंद, हे वहीत मांडा. मग डोळे मिटून नुसतं ऐका, आज्जीसारखं, आणि म्युझिक कुठं बदलतं ते टिपा. त्यानंतरच दोन्ही एकत्र. आणि जमलं तर एक कन्नड मालिका घ्या. येत नसेल तर आणखी बरं, एक शब्द न कळता पण पाच मिनिटांत तुम्हाला कळेल की घरातली मोलकरीण कोण, गावाकडचा कोण आणि हसायचं कोणाला. कुठून कळलं ते लिहीत गेलात की पानं भरतील. अडलं तर विचारा, दहानंतर मी मोकळी असते.