पेटी उतरलेली नाही

प्रश्न : वडिलांची ‘काइंड ऑफ ब्लू’ या जॅझ संग्रहाची जुनी तबकडी लावून पेटीवर सूर धरतो. पहिली बाजू किंचित चढी लागते, दुसरी नेमकी जुळते. पेटी मिरजेला दुरुस्तीला न्यावी का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : मुळीच नेऊ नका, तुमचे कान पक्के आहेत! २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये पहिली बाजू मुद्रित करताना टेपयंत्र जरा हळू फिरत होतं, म्हणून नेहमीच्या वेगानं वाजवल्यावर तबकडीवर सूर चढला. २२ एप्रिलला झालेली दुसरी बाजू ठीक आहे. १९९२ च्या आवृत्तीत ही चूक सुधारली. बेळगावात मीही या बाजूसाठी तानपुऱ्याच्या तारा कितीदा पिळल्या! या संग्रहाचा कर्ता, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनं वादकांना बांधून चाल दिलीच नव्हती, नुसते स्वरांचे आराखडे दिले. रागाचे स्वर सांगून ‘आता वाढवा’ म्हणावं तसे.