‘काही झालं तर?’च्या पुढचं उत्तर

“मॅडम, एकटीनं जायचंय, पण काही झालं तर?” परदेशात शिकणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की, एकदा त्यावर नीट लिहावं असं वाटलं. शिकायला हजारो मैल दूर गेलेली ही मुलं शेजारच्या देशात तीन दिवस जायचं म्हटलं की अडखळतात. “तिकडे एकटी राहतेस ना, मग आता कसली भीती?” असं घरचे म्हणतात आणि मुलं बोलायचीच थांबतात.

मागच्या वर्षी अशीच एक मुलगी माझ्याकडे समुपदेशनासाठी आली. तिच्या संमतीनं आणि ओळख पटणारे तपशील बदलून लिहिते आहे. ती सांगलीकडची, जर्मनीत ड्रेस्डेनला एमएस करणारी. तिघी मैत्रिणींनी शेजारच्या चेक प्रजासत्ताकात, प्रागला जायचं ठरवलं, दोघींचं रद्द झालं आणि हिचं तिकीट तेवढं हातात राहिलं. रेल्वेनं जेमतेम अडीच तासांचा प्रवास. सांगलीहून पुण्याला यायला याहून जास्त वेळ लागतो.

पहिल्याच व्हिडिओ कॉलवर तिनं मला एक्सेलची यादी दाखवली. चाळीसच्या वर ओळी, प्रत्येकीच्या शेवटी ‘तर?’. मी म्हटलं, “यातले जे प्रश्न एकदा उत्तर मिळालं की गप्प बसतात, ते आधी वेगळे काढू.”

ते भराभर निघाले. पासपोर्ट आणि जर्मनीचं निवास कार्ड, दोन्ही मूळ प्रती जवळ हव्यात. या दोन्हींची मुदत शिल्लक असेल, तर इतर शेंगेन देशांत (म्हणजे आपसात व्हिसामुक्त प्रवासाचा करार असलेल्या युरोपीय देशांत) 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं. मुदत संपत आली असेल, तर निघण्याआधीच परदेशी नागरिक कार्यालयात विचारावं. (ब्रिटनमध्ये शिकणाऱ्यांना मात्र पॅरिसला जायचं तरी वेगळा शेंगेन व्हिसा लागतो. ही गल्लत बरीच मुलं करतात.) तिच्या सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाची मागची बाजू हेच युरोपीय विमा कार्ड असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. चेक प्रजासत्ताकात युरो नव्हे, कोरुना चालतो. अडचणीत 112 हा आपत्कालीन क्रमांक. झालं.

उरलेल्या ओळी वेगळ्याच होत्या. गाडीची वेळ तिनं अकरा वेळा तपासली होती, तरी तो प्रश्न यादीत होताच. अशा वेळी समजावं, की मन माहिती मागत नाहीये. हमी मागतंय. आणि ती कुणीच देऊ शकत नाही, मीही दिली नाही. धीर देणं सोपं असतं, पण तो दुसऱ्या दिवशी विरतो. म्हणून मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेनं, भीतीच्या मागे शेवटपर्यंत जाते.

तिसऱ्या भेटीत विचारलं, “समज, रस्ता चुकलीस. पुढे?”
“नकाशा बघेन.”
“फोन बंद पडलाय.”
“मग... कुणालातरी विचारावं लागेल.”

इथे ती थांबली. मीही काही बोलले नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, “मॅडम, मी विचारत नाही कुणाला. दोन सेमिस्टर झाली. दुकानात वस्तू सापडली नाही तर तशीच परत येते.”
“विचारलंस तर काय होईल?”
“त्यांना वाटेल, हिला एवढंही कळत नाही.”

माझ्या इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण फार येत नाहीत. आले की ओळखू येतात. हिची भीती प्रागमध्ये नव्हतीच, ती ड्रेस्डेनमध्ये रोज तिच्यासोबत किराणा आणायला जात होती. ‘मला सगळं आधीच माहीत असलं पाहिजे’ हा तिचा हट्ट होता आणि ती चाळीस ओळींची यादी म्हणजे कुणालाही न विचारता जगण्याची तयारी होती.

तिला मी एलिसचीच गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांचा, अतिशय लाजाळू असताना तो न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात रोज जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या अनोळखी बायकांशी मुद्दाम बोलायचा. नकार कितीतरी पचवले. पण त्यातूनच त्याची भीती गेली.

मग गृहपाठ दिला : रोज एका अनोळखी माणसाला एक प्रश्न, तोही उत्तर माहीत असलेला. ट्राममध्ये विचार, ही स्टेशनला जाते ना? पहिल्या दिवशी तिला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी एका आजोबांनी उत्तर तर दिलंच, वर दोन थांबे सोबत गप्पा मारल्या. आठवडाभरानं यादी सात ओळींवर आली. ती सात मी राहू दिली, थोडी काळजी प्रवासात असावी.

पालकांनाही सांगते : “पोचलीस का, जेवलीस का” असे दर तासाला फोन नकोत. सकाळी एक, रात्री एक निरोप ठरवा. दर तासाच्या फोनमधून मुलीला एवढंच कळतं, की तिला जमेल असं घरी कुणाला वाटत नाही.

ती गेली. प्रागमध्ये ट्रामचं तिकीट काढलं, पण आत चढल्यावर त्याचं काय करायचं ते कळेना. शेजारच्या बाईंना तिकीट दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, हिला चेक. बाईंनी तिकीट हातातून घेतलं, पिवळ्या यंत्रात घालून शिक्का उठवला आणि परत दिलं.

“एवढंच झालं,” ती मला सांगत होती, “आणि मला रडूच आलं.”

पुढच्या भेटीत आम्ही तिच्या प्राध्यापकांबद्दल बोललो. दोन सेमिस्टर त्यांच्या भेटीच्या वेळेत ती एकदाही गेली नव्हती.